तोंडानं काढून दाखवा आवाज

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका मोटरसायकलच्या क्लचशी झगडत होतो. फोनवर त्यांची मुलगी शबाना होती. "काका, अब्बू गेले," एवढंच म्हणाली... आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की ही बातमी आता रशीदभाईंना सांगायला हवी! नांदेडच्या आमच्या गॅरेजच्या गल्लीत काहीही घडलं की मी हात पुसत पुसत त्यांच्याकडेच पळायचो. त्या दिवशीही उठलो, अर्धा रस्ता ओलांडला आणि मग तिथेच उभा राहिलो.

आमची गॅरेजं समोरासमोर. चारचाकी त्यांच्याकडे, दुचाकी माझ्याकडे. माणूस गेला की त्याला नम्र आणि अबोल करून टाकायची आपल्याकडे रीत आहे, पण रशीदभाई नम्र बिलकुल नव्हते. "नांदेडपासून लातूरपर्यंत क्लच कळणारा मीच एक. बाकीचे नुसते पाने फिरवून राहिले," असं ते माझ्या तोंडावर, माझ्याच गिऱ्हाइकासमोर म्हणत. आवाज करणारी गाडी आली की त्यांच्या अंगात यायचं. जेवण अर्धं टाकून उठायचे. "दाबल्यावर ओरडते का सोडल्यावर? ह्याच्यातच सगळं हाय, मिलिंद!" पायाखालचा क्लच दाबला की किंचाळते, तर रिलीज बेरिंग गेलं. सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर गप्प, तर दुखणं गिअरबॉक्सच्या बेरिंगमध्ये. माझ्या दुचाक्यांचीही तीच तऱ्हा. उभ्या गाडीत खडखड होते आणि हातातला क्लच ओढला की थांबते, तर आतला क्लचच ढिला झालेला. आमचं यावरून इतकं कडाक्याचं भांडण व्हायचं की चहावाला कप घेऊन मध्येच खोळंबायचा. ते भांडण मला आता फार हवं आहे.

पुढे एकदा मुखेडची एक जीप आली. क्लच दाबला की अशी किंचाळत होती की रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. रशीदभाई बॉनेटवर वाकले, मान हलवली आणि म्हणाले, "काय न्हाई हिला. मक्खन चालून राहिली." मी हातातलं काम टाकून धावलो आणि काहीतरी सबब सांगून जीप संध्याकाळपर्यंत ठेवून घेतली. गल्ली रिकामी झाल्यावर विचारलं, तर आधी त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "बारीक आवाज गेले, मिलिंद. तुझं बोलणं येतं, थोडं तोंड बघून. पण बेरिंगची किंकाळी... न्हाई येत. कुणाला बोलू नको. बहिऱ्या मिस्त्रीकडं क्लच दाखवायला कोण येतंय?" गॅरेज बंद झालं असतं तर ते जगले नसते, हे मला तेव्हाच कळलं.

पण गप्प बसतील तर ते रशीदभाई कसले! दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फर्मान काढलं: बॉनेट उघडायच्या आधी मालकानं गाडीचा आवाज तोंडानं काढून दाखवायचा. कारण विचारलं की छाती काढून सांगायचे, "गाडी तर ओरडतेच. तुला किती कळलं ते बघायचंय मला!" मग काय, आमच्या गल्लीत रोज तमाशा. शिरूर अनंतपाळचे एक निवृत्त गुरुजी आधी लाजले, टोपी काढली आणि मानेच्या शिरा ताणून 'कीईईई' असे ओरडले की माझ्या हातातला पाना पडला. रशीदभाई त्यांचे ओठ बघत, गाल बघत. मग तळवा गिअरच्या दांड्यावर ठेवून म्हणत, "दाबा... सोडा... परत दाबा." कानातून गेलेलं त्यांनी तळव्यातून परत मिळवलं होतं!

भोकरच्या मारोतीची जीप आली तेव्हा मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. प्रवासी वाहतुकीवर त्याचं घर चाले. दुसरीकडे त्याला अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितलं होतं. मारोतीनं आवाज काढून दाखवला, रशीदभाईंनी दांडा धरला, डोळे मिटले. मला स्वच्छ ऐकू येत होतं, पण खूण करायची नाही, असा त्यांचा दम होता. "गिअरबॉक्स बदलायचा न्हाई," ते म्हणाले. "रिलीज बेरिंग." खोललं तर बेरिंग उष्णतेनं निळं पडलेलं! ते हातात उंच धरून हा साठीतला माणूस गल्लीभर नाचला. आणि मी मनात म्हटलं, चला, अजून कुणाला कळलं नाही.

दफन करून आल्यावर आम्ही त्यांच्या अंगणात बसलो होतो. मारोती होता, गुरुजी होते. मला राहवलं नाही. आता लपवून काय करायचं, म्हणून मी सांगितलं की रशीदभाईंना ऐकू येत नव्हतं. कुणी चमकलंच नाही. मारोती म्हणाला, "ठाव हाय की. कवाचंच."

"मग बोलला का न्हाईस?" मी विचारलं.

"बोलून काय करू? मिस्त्रीनं कुलूप लावलं असतं." त्यानं डोळे पुसले. "म्हणून तर एवढं तोंड फाडून दाखवत होतो. लातूर रस्त्याच्या धाब्यावर ड्रायव्हर लोक एकमेकांना शिकवत होते, कसं काढायचं म्हणजे मिस्त्रीला नीट दिसंल."

गुरुजी खाली बघत म्हणाले, "मी घरी आरशासमोर करून बघितलं होतं."

मी हसलो आणि मग मला रडू आवरेना. मला वाटत होतं, त्यांचं गुपित मी एकटा सांभाळतोय!

परवा मारोती जीप घेऊन माझ्याकडे आला. चारचाकीत मला काय कळतं, म्हणालो, तरी हटेना. समोर बसला आणि गाल फुगवून, हातवारे करत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज काढायला लागला.

"अरे, मला येतंय ऐकू!" मी ओरडलो.

"हाव, ठाव हाय," तो म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मी त्याला थांबवलं नाही.