देवकाबाईंचा शेरा

देवकाबाई मेश्राम घराबाहेर पडल्या की आधी कोंड्याची मूठ भरत. हात डोक्याच्या वर नेऊन ती सोडत, कोंडा उडून जिथवर पडे तिथवर पावलं मोजत जात आणि मगच कुणाशी बोलत. केशोरी गावात त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई कुणाची तरी दृष्ट काढतायत. तसं विचारलंही.

"दिष्ट नाई वं पोरी, वारा पाहून राहिली," त्या म्हणाल्या. "वाऱ्याले इचारल्याबिगर सूप उचलाव का?"

साठीच्या देवकाबाईंचा धान वाऱ्यावर उपणून कोंडा वेगळा करण्यात हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. बुद्धविहारात त्या खणखणीत आवाजात ग्रंथ वाचत. मी गोंदियाची, नागपूरला विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला. दोन हजार चार साल असावं. 'धानाच्या मुलखात कसला आलाय वारा?' असं आमचे सर म्हणाले आणि मी हट्टाला पेटले. केशोरीच्या वाऱ्यावर छोटी पवनचक्की चालेल का, हाच माझा प्रकल्प. तो फसला असता तर वर्ष हातचं गेलं असतं.

ऑक्टोबरात खळ्याच्या कडेला तीन मीटरचा पाइप रोवला. वर फिरणाऱ्या वाट्या, खाली स्कूटरला असतो तसा आकडे पुढे सरकवणारा मीटर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तेवढ्या वेळातला वारा. सकाळ-संध्याकाळ आकडा टिपायचं काम देवकाबाईंनी घेतलं. वहीत मी तीन रकाने आखून दिले: तारीख, आकडा, शेरा. शेऱ्याचा रकाना सरांनी सांगितला म्हणून आखला होता. महिनाअखेर मी जायची, आकडे भराभर उतरवायची आणि एसटी पकडायला पळायची. शेऱ्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

जानेवारीत हा फरक धाडकन घसरला आणि मी हर्षाने वेडी झाले! चक्की राहिली बाजूला, पौष लागला की इथला वारा बसतो, असा शोधच लागला होता मला. त्याला मी 'पौषशांती' असं नावही देऊन टाकलं. परीक्षकांपुढे उभं राहायला आठवडा उरला असताना शेवटचे आकडे आणि वही आणायला गेले, ती आलेखाची गुंडाळी काखेत मारूनच. मोठ्या ऐटीत ती देवकाबाईंपुढे उलगडली.

त्यांनी घसरलेल्या रेषेवर बोट ठेवलं. "हे खोटं हाय."

"मावशी, आकडे तुम्हीच लिहिलेत!"

"आकडे खरे हायेत. वारा खोटा हाय. चाल."

खळ्यावर त्यांनी मला पाइपाजवळ उभं केलं. मळणी आटोपल्यावर खळ्याच्या मालकाने दरसालच्या जागी तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग रचला होता, दोन पुरुष उंच, पाइपाच्या पूर्वेला अगदी खेटून. थंडीतला वारा येतो पूर्वेकडून. देवकाबाईंनी ढिगाआड मूठ सोडली, कोंडा पायांशी पडला. मग खळ्याच्या मध्यावर जाऊन सोडली, तो भुर्रकन उडाला.

"ऑक्टोबरात खळं रिकामं पाहलं अन् खांब गाडला," त्या म्हणाल्या. "धान निंगाल्यावर तणस कुठं जाते, हे इचारलं काऊन नाई?"

मी उसळले. "तुम्ही तरी सांगायचं ना!"

"लिवलं ना मी! तू वाचलं काऊन नाई?"

वही उघडली. शेऱ्यात स्वच्छ अक्षरात होतं: 'आज यंत्रापुढे ढीग रचला. आता आकडे धरू नये.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नजर वर सरकली, खाली सरकली आणि मी पानं भराभर उलटू लागले. पहिल्या दिवसापासून प्रत्येक शेऱ्यात लिहिलं होतं: 'कोंडा सात पाऊल.' 'कोंडा बारा पाऊल.' एकही दिवस सुटला नव्हता!

आठवडाभर मी जेवले कधी, झोपले कधी, आठवत नाही. ढीग रचण्याआधीचे रोजचे फरक आणि पावलं शेजारी मांडली. वाढत्या फरकाबरोबर पावलंही वाढत होती. मग त्याच हिशेबाने पुढच्या पावलांवरून वारा काढला. तो बसला नव्हता, चांगला वाहत होता. लहान चक्की फिरवण्याइतका नक्की! पौषशांती मी फाडून टाकली.

परीक्षकांनी चष्मा सरसावून विचारलं, "ही पावलं कुणाची?"

"देवकाबाई मेश्राम यांची," मी म्हणाले. "त्या धान उपणतात."

ते कितीतरी वेळ वही चाळत राहिले. माझा प्रकल्प पास झाला. पहिल्या पानावर देवकाबाईंचं नाव छापलं होतं. ते दाखवायला मी धावत केशोरीला गेले, तर त्या म्हणाल्या, "नाव ठीक हाय. ढिगाचं लिवलं का नाई?"

"लिहिलं."

"मंग झालं." तेव्हा कुठे हसल्या.

पाइप मी त्याच मार्चमध्ये काढून नेला. सहा वर्षांनी देवकाबाई गेल्याचं कळलं, म्हणून घरच्यांना भेटायला गेले. सुनेने माझ्या हाती चार वह्या ठेवल्या. तेच तीन रकाने. आकड्याच्या जागी रेघ, आणि शेऱ्यात रोजची पावलं, सहाही वर्षांची. मी तिथेच ओसरीवर बसून रडले. त्या अजून पावलं मोजतात का, हे त्या सहा वर्षांत एकदाही मला विचारावंसं वाटलं नव्हतं.

आता मी त्या वह्या आलेखावर उतरवते आहे, आणि या खेपेला शेऱ्यापासून सुरुवात केली आहे. शेवटच्या पानावर अक्षर थरथरलेलं आहे, पण वाचता येतं: 'आंग दुखते. खळ्यावर सून गेली. दहा पाऊल म्हणते. तिचं पाऊल लांब हाय, अकरा धरावे.'