पालकाचा रकाना

“हा तक्ता कोनं केला?”

तात्या पाटील माझ्या टेबलासमोर उभे होते. मेहकर तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या हायस्कूलच्या कमिटीचे ते मेंबर. आमच्या साहेबांनी त्यांना नुकताच रिपोर्टाचा मसुदा ऐकवला होता: शाळेचे वरचे दोन वर्ग बंद करावेत. आधार माझा तक्ता.

“मी,” मी मान वर न करता म्हटलं.

बुलढाण्याच्या शिक्षण खात्याच्या कचेरीत मला नोकरीला लागून थोडेच महिने झाले होते. काम सोपं वाटलं होतं. जिल्ह्यातल्या हायस्कुलांची तुलना करायची: मॅट्रिकला कोणत्या शाळेची किती मुलं पास झाली, आणि ती कोणत्या घरांतली. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात प्रत्येक मुलाच्या पालकाचं नाव आणि धंदा असतो. मी धंदे मोजले. खामगावच्या शाळेत बहुतेक व्यापारी, रिझल्ट उत्तम. पाटलांच्या शाळेत शेतकरी, रिझल्ट वाईट. त्यावर मी इंग्रजीत एक नेटकं वाक्यही लिहिलं होतं, की शेतकऱ्यांना वरच्या शिक्षणाची ओढ नाही.

“माहा नारायण खामगावलेच पास झाला. त्याचं नाव काढा बरं.”

मी काढलं. पालकाच्या रकान्यात एका सेठजींचं नाव. धंदा, अडत.

“सेठजी माह्या पोराचा बाप कधी झाला?”

सगळी कचेरी हसली. माझे कान तापले.

अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा कापूस बाजारात विकून देणारा. ज्याच्याकडे कापूस, त्याच्याच घरी शाळेसाठी मुलगा ठेवायचा, ही इथली रीत. सहीला जवळ तोच, म्हणून पालकही तोच. नागपूरच्या कॉन्व्हेंटात मला हे कोणी शिकवलं नव्हतं. पण मीही कोणाला विचारलं नव्हतं. माणसांशी बोलण्यापेक्षा मला रजिस्टर बरं वाटायचं.

“हुशार पोट्टे शेवटच्या वर्षाले तिकडं जातेत,” पाटील म्हणाले. “शिकवलं आमच्या मास्तरनं, नाव खामगावचं. अन् ज्याइचा तिकडं कोनी नाही, त्याइचा वर्ग तुम्ही बंद करून राह्यले!”

मी उठून आत गेले.

“सर, तक्ता चुकलाय. माझ्याकडून.”

साहेबांनी चष्मा काढला. “बेरीज?”

“नाही सर. अर्थ.”

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, “पाटलांना चहा सांगा. त्यांच्यासमोरच नवा करा.”

दोन दिवस आम्ही खामगावच्या पास मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले चाळले. त्यांत आधीची शाळा लिहिलेली असते. पाटील नावं ऐकत. “हा आमचा. हा जानेफळचा. हा खरंच सेठचा हाय, राहू द्या त्याले.” खामगावच्या पास मुलांतली निम्म्याहून जास्त गावच्या शाळांतून आलेली निघाली.

वर्ग राहिले. तक्त्यात ‘आधीची शाळा’ हा रकाना वाढला. पाटील माझी तक्रार वर नागपूरला, खात्याच्या मुख्य कचेरीत करू शकले असते. जाताना एवढंच म्हणाले, “चुकली त चुकली बाई, कबूल त केलं.” साहेबांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. दोघांचे उपकार मी तोंडाने कधी बोलून दाखवले नाहीत. म्हणून इथे लिहिते.

रकाना मोजण्याआधी तो कोणी आणि का भरला, हे विचारावं. रजिस्टर ते सांगत नाही.

पुढच्या वर्षीही त्या शाळेचा रिझल्ट बेताचाच लागला. तीन मुलं पास झाली. तिघांचंही खामगावात कोणी नव्हतं; पालकाच्या रकान्यात वडिलांचंच नाव होतं.