पालथं केलेलं कॅरेट

मंडळी, चिकलठाण्यात माझी खानावळ आहे. भाजी मी स्वतः होलसेल बाजारातून आणते आणि टोमॅटोचं कॅरेट पोत्यावर पालथं केल्याशिवाय घेत नाही. वर लालबुंद, खाली बारीक, हा खेळ मला पाठ झालाय.

आज सकाळी एका शेतकरी मावशींच्या कॅरेटांकडं कुणी फिरकेना, कारण वर सगळा बारीक माल. मी सवयीनं एक पालथं केलं, तर खाली एकसारखे, टणक टोमॅटो!

"मावशी, असं उलटं का भरलं?"

"बारीक खाली लपवला की गिऱ्हाईक पुन्हा येत नाय, बाई."

सगळी कॅरेटं चांगल्या मालाच्या भावानं उचलली. उद्याचीही सांगून ठेवली.

खरं सांगा, तुमच्या कॅरेटात वर काय असतं?