नसीमखाला आणि पुठ्ठ्याची भिंत

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही वेडंवाकडं, त्याची माफी असावी. पण नसीमखालांबद्दल लिहून ठेवणारं दुसरं कोणी नाही.

गारखेड्यात घरमालकाने एका मोठ्या खोलीत मधोमध जिप्सम बोर्डाची भिंत घालून दोन बिऱ्हाडं केली होती. एकात मी, ब्लाउज शिवणारी एकटी बाई. दुसऱ्यात साठी उलटलेल्या खाला, त्याही एकट्याच. घालून बघायला आरसा नाही म्हणून माझी गिऱ्हाइकं शहागंजच्या शिंप्यांकडे वळायला लागली होती. शेवटी मी माणसाच्या उंचीचा जड आरसा आणला, खिळा ठोकला आणि अडकवला. हात काढणार तोच भिंतीतून पांढरा भुगा गळू लागला. दोन्ही हातांनी आरसा दाबून धरून मी तशीच उभी राहिले. नव्या शेजारणीला हाक मारायची लाज वाटत होती. आरसा निसटायला लागला तेव्हा पलीकडून आवाज आला, "मघापासून तुझ्या धापा ऐकतेय. हाक मार की! तोंडाला बी खिळा ठोकलाय का?"

खाला आल्या, आरशाचं दुसरं टोक धरलं. आम्ही तो खाटेवर निजवला.

"अगं, ही भिंत नाय, दोन पुठ्ठे हायेत. मधी पोकळ. खिळा धरंल कशाला?" त्यांचे यजमान ऑफिसांमधून अशा भिंती उभ्या करायचे. स्क्रू हातात देता देता खाला सगळं शिकल्या होत्या. ओढणीच्या गाठीतून त्यांनी लोहचुंबक काढलं आणि भिंतीवरून हळूहळू फिरवलं. एका जागी ते टक् करून चिकटलं. "हितं स्क्रू हाय, म्हंजी मागं लोखंडी पट्टी उभी हाय. वजन पुठ्ठ्याला नाय द्यायचं बेटा, हाडाला द्यायचं."

अशा तीन पट्ट्या सापडल्या. एक दारामागे, एक मोरीवर, एक खिडकीजवळ. उजेड फक्त खिडकीजवळ पडायचा. तिथे तळहात ठेवून खालांनी पट्टी वरपासून खालपर्यंत चाचपली. मग म्हणाल्या, "उद्या लावू. आज सबर कर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः लांब स्क्रू पिळले, वर त्या स्क्रूंना लोंबकळून बघितलं. "आता हितं म्हैस बांध!"

गिऱ्हाइकं परत आली. रोज संध्याकाळी खाला भिंतीपलीकडून विचारायच्या, "जेवलीस का?" मी "व्हय" म्हणायची. कित्येक दिवशी कामाखेरीज माझं तेवढंच बोलणं व्हायचं.

चार वर्षांनी त्यांचे गुडघे पार गेले. मुकुंदवाडीचा पुतण्या त्यांना न्यायला आला, म्हणून मी सामान बांधायला गेले. पातेली, डबे, तांब्याची देगची, सगळं भिंतीकडेला जमिनीवर मांडलेलं होतं. वर, माझ्या आरशाच्या बरोबर मागे, पुट्टी भरून बुजवलेली चार भोकं.

"खाला, इथं फळी होती?"

"व्हती की. त्याच पट्टीवर. एका पट्टीला दोन वजनं नाय झेपत. माझी भांडी खाली बी ऱ्हातात, तुझं गिऱ्हाईक ऱ्हात नाय."

त्या गुडघ्यांनी चार वर्षं एकेका भांड्यासाठी त्या खाली वाकत होत्या. "ये की चहाला," असं त्यांनी कितीदा म्हटलं असेल. मी "येते" म्हणायची आणि मशीनवरून उठायची नाही. त्यांच्या खोलीत मी पाय ठेवला तो त्या दिवशी, पहिल्यांदा.