पाळणा निघाला नवेगावला

सांगलीत आमचा पाळणा शेवटी ट्रकवर चढला आणि त्याच्यामागून मीही. लेक ज्या सागवानी पाळण्यात वाढली, त्यात आता तिची लेक घालायची होती. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे बाळंतपण सासरीच, गोंदिया जिल्ह्यात नवेगाव बांधला झालं. बायको आधीच तिकडे गेलेली. तिचा फोन आला, "बारशाआधी पाळणा नाही पोचला, तर तुम्हीही येऊ नका."

ट्रान्सपोर्टवाला मात्र खूश होता. "काका, वेळ बरी साधलीत. धान निघालंय. गोंदियाचा तांदूळ भरायला गाड्या पळतायत, जाताना मिळेल ते भाडं घेतात. उन्हाळ्यात दुप्पट पडलं असतं."

गुळाच्या ढेपांशेजारी पाळणा बांधला. नागपूर मागे पडल्यावर कापलेल्या बांध्या (भाताची खाचरं) आणि मधूनमधून तळी दिसू लागली. हा मुलूख मला फार आवडला.

गोंदियाच्या अलीकडे मुर्री गावाजवळ राईस मिलपाशी ट्रकचा प्रवास संपला नि पाळणा रस्त्यावर आला. बारसं दुसऱ्या दिवशी दुपारी. टेम्पोवाला म्हणाला, "धान का सीजन है काका, डबल लगेगा. और गाडी कल शाम को मिलेगी." माझा जीव टांगणीला लागला.

चहा पिताना डोक्यात प्रकाश पडला. सांगलीची गाडी इकडे जवळजवळ मोकळी येते, तशी खेड्यांतून आलेली गाडीही धान उतरवून मोकळीच परतत असणार. मग काय, दिसेल त्या गाडीला विचारत सुटलो.

एका मेटॅडोरमध्ये धान विकायला आलेली शेवंताबाई नावाची एक बाई बसली होती.

"काऊन भाऊ, कोठी नेऊन राहिले पाळणा?"

"नवेगावला. उद्या नातीचं बारसं आहे."

"मंग टाका ना गाडीत. आमी तिकडंच वापस जाऊन राहिलो."

भाड्याचं काढलं तर म्हणाली, "जाया-यायाचं भाडं मी दिलंच हाये. तुमचं कायले?"

गाडी सुटली आणि तिने लगेच थांबवली. "रिकामा पाळणा हालवू नाही, भाऊ." स्वतःच्या घरी न्यायचं नव्या तांदळाचं गाठोडं तिने पाळण्यात ठेवलं. आमच्याकडेही हे पाळतात. मी शहाणा तो सांगलीपासून रिकामाच हलवत आणला होता.

ते गाठोडं तिने परत नेलंच नाही आणि बारशालाही आली. बारशाला तोच तांदूळ शिजला, सोबत तिकडे पिकणाऱ्या लाखोरीच्या डाळीचं वरण. पाळण्याची पहिली दोरी शेवंताबाईने ओढली. नात ढाराढूर झोपली होती. बायको माझ्यावर एकदाही चिडली नाही.

परत निघताना दारात लेकीने विचारलं, "बाबा, आता कधी?" "बघू," म्हणत मी पिशवी उचलली. लेक लांब दिली म्हणून मी लग्नापासून कुरकुरत आलोय.

सांगलीत उतरल्यावर घरी जायच्या आधी सुताराकडे गेलो. पुढच्या दिवाळीनंतर गाड्या पुन्हा तिकडे पळतील. तोवर पांगुळगाडा तयार ठेव म्हटलं.