नीराबाईंनी न केलेली सही

आमच्या ग्रामपंचायतीत नीराबाई सव्वीस वर्षं शिपाई होत्या. नवरा याच नोकरीत असताना वारला आणि त्याची जागा त्यांना मिळाली. सकाळी ऑफिस उघडायचं, झाडायचं, पाण्याचा पंप चालू करायचा, मासिक सभेला चहा द्यायचा आणि ग्रामसभेची नोटीस घरोघर फिरवून सह्या घ्यायच्या, ही त्यांची कामं. सरपंच सात बदलले, ग्रामसेवक किती आले-गेले त्याची गणती नाही. नीराबाई होत्या तिथेच होत्या. सभेत त्यांना कुणी काही विचारत नसे. मी स्वतः पाच वर्षं सदस्य होते. मीही कधी विचारलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचं गाव दिवेआगरपासून फार लांब नाही. रस्त्याच्या कडेला नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, बंदरवाडी. तिथली चाळीसेक घरं बाजारात, शाळेत, एसटीला यायची ती जांभ्या दगडांच्या पाखाडीवरून. ही पायवाट अजेयच्या वाडीतून जाते. अजेयचे वडील होते तोवर तिच्यावरून अख्खी बंदरवाडी ये-जा करायची आणि ते झोपाळ्यावरून प्रत्येकाची चौकशी करायचे. ते गेले. अजेय पुण्यातली नोकरी सोडून परतला आणि त्याने वाडीत पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. पाहुण्यांना खिडकीसमोरून माणसं गेलेली आवडत नाहीत, असं त्याचं म्हणणं. दिवाळीत त्याने पाखाडीच्या तोंडाशी लोखंडी फाटक लावलं. आधी नुसती कडी होती. आठवड्याने कुलूप आलं.

मग बंदरवाडीला उरला तो खाडीचा बांध. वीस मिनिटं जास्त, आणि भरतीच्या पाण्याने त्यावर शेवाळ धरतं.

एकतीस घरांनी सह्या करून पंचायतीत अर्ज दिला. अर्ज सभेपुढे आला तेव्हा ग्रामसेवकांनी कपाटातून रस्त्यांची नोंदवही काढली, बोट फिरवलं आणि म्हणाले, पाखाडीची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे कागदोपत्री रस्ता नाही. आम्ही सातही जणांनी मान डोलावली. ती नोंद करायची कुणी होती? पंचायतीनेच ना? पन्नास वर्षं आपण केली नाही, आणि आता तीच आपली चूक लोकांच्या तोंडावर पुरावा म्हणून मारतोय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सरपंच परेश अजेयच्या वर्गातला. तो म्हणाला, जागेवर जाऊन पंचनामा करू, म्हणजे कुणी बोलायला नको.

गेलो. अजेयने कोकम सरबत दिलं. पाखाडी होती तिथे हिरवळ लावलेली. दगड गायब. बंदरवाडीतून सोनाबाई आली होती, बहात्तर वर्षांची, अळू आणि केळफुलं टोपलीत घेऊन एसटी स्टँडवर विकणारी. तिने सांगितलं की लग्न होऊन आले ती याच वाटेने, आणि तेव्हापासून रोज याच वाटेने जाते. ग्रामसेवकांनी ते लिहून घेतल्यासारखं केलं.

पुढच्या सोमवारी पंचनामा टाइप होऊन सभेत आला. ‘जागेवर रहदारीच्या खुणा आढळून आल्या नाहीत. सोनाबाई यांची स्मरणशक्ती वयोमानामुळे क्षीण असल्याने त्यांचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही.’ एका पंचाची सही झाली होती. दुसरा पंच आलाच नव्हता. परेशने चहाचा ट्रे घेऊन आलेल्या नीराबाईंना सांगितलं, तुम्ही त्या दिवशी सोबत होतात, करा सही.

नीराबाईंनी ट्रे ठेवला, कागद घेतला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. आम्हाला वाटलं होतं, त्या न वाचता सही करतील.

“यात खोटं लिवलंय,” त्या म्हणाल्या. “दगड उचलून अजेयच्या वाडीत पंपाच्या खोलीमागं रचल्यात. मी पायल्यात. मी सही करनार न्हाय.”

परेशने त्यांना समजावलं, मग आवाज चढवला, पंचायतीचा पगार खाता याची आठवण करून दिली. त्या रिकामे कप गोळा करत राहिल्या. सही दुसऱ्या कुणाची तरी घेतली गेली आणि पाखाडी अस्तित्वात नसल्याचा ठराव झाला. हात वर करा म्हटल्यावर सात हात वर गेले. त्यातला एक माझा. का केला? परेशच्या पॅनलमधून निवडून आले होते म्हणून, सरबत गोड होतं म्हणून, घरी लवकर जायचं होतं म्हणून. यातलं एकही कारण आज सांगायला तोंड नाही.

आठवड्यात नीराबाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली: सभेत उद्धट वर्तन. ती त्यांनाच स्वतःच्या हाताने आवक-जावक बुकात चढवायला लावली.

फेब्रुवारीत सोनाबाई टोपलीसकट बांधावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. अलिबागच्या सरकारी दवाखान्यात पंधरा दिवस काढले. पंचायतीत बातमी आली तेव्हा ग्रामसेवक म्हणाले, बांधावरून जायला कुणी सांगितलं होतं.

त्याच संध्याकाळी नीराबाई माझ्या घरी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओटीवर खुर्चीत बसल्या. मला वाटलं, आता बोल लावतील. त्यांनी लावला नाही. सोनाबाईची सून तहसीलदारांकडे वाट अडवल्याचा दावा लावतेय, एवढं सांगितलं आणि म्हणाल्या, “ताई, वादळाच्या सालचं ठरावाचं बुक काडायला लावा. झाडं तोडायचा ठराव हाय त्यात. मी कागद बाहेर नेला तर चोरी व्हईल. तुमी मेंबर हाव, तुमाला मागता येतं.”

वीस सालच्या जूनमध्ये वादळाने आमच्या पोफळी झोपवल्या तेव्हा पंचायतीनेच माणसं लावून पाखाडी मोकळी केली होती. ते मलाही ठाऊक होतं. फक्त आठवायची गरज पडली नव्हती. मी नकलेसाठी अर्ज दिला. ग्रामसेवकांनी आधी किल्ली नाही म्हटलं, मग शिक्का नाही, मग बुक वाळवीने खाल्लं. वाळवी वगैरे काही नव्हती. नीराबाई दर मार्चला बुकं उन्हात घालत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी मी वरच्या ऑफिसात तक्रार करते म्हटल्यावर नक्कल मिळाली. ‘बंदरवाडी पाखाडी या सार्वजनिक वाटेवर पडलेली झाडे तोडून रहदारी पूर्ववत करणे.’ सार्वजनिक वाट. आमच्याच पंचायतीचे शब्द, आमच्याच पंचायतीचा शिक्का.

दावा श्रीवर्धनला चालला. तारखा पडत गेल्या. उन्हाळा गेला, पावसाळाही गेला आणि बंदरवाडीची पोरं दप्तर डोक्यावर घेऊन बांधावरून जात राहिली. शेवटी तहसीलदार स्वतः पाहणीला आले. नीराबाईंनी अजेय आणि परेश दोघांच्या समोर जबाब दिला आणि तहसीलदारांना वाडीतल्या पंपाच्या खोलीमागे नेलं. दगड तिथेच होते, मधोमध खोलगट झिजलेले. तहसीलदार वाकून हात फिरवत बसले. अजेय म्हणाला, ते जुन्या विहिरीचे आहेत. विहिरीचा दगड मधोमध कशाने झिजतो, असं तहसीलदारांनी विचारलं.

फाटक लागल्यापासून चौदाव्या महिन्यात वाट खुली करण्याचा आदेश आला. अजेयने अपील केलं नाही. तोंडावर सीझन होता.

आणि मग काय व्हावं? वाटेच्या तोंडाशी फलक लागला: ‘सरपंच परेश यांच्या अथक प्रयत्नांतून बंदरवाडी पाखाडी नागरिकांसाठी खुली.’ खाली हात जोडलेला फोटो. फीत कापली, पेढे वाटले. पेढ्यांचं ताट फिरवायला नीराबाईंनाच सांगितलं होतं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि पंप बंद करायला निघून गेल्या.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत, विषय संपत आल्यावर, त्या उभ्या राहिल्या. निवृत्तीला दोन महिने होते. पाखाडी नाही म्हणणारा ठराव अजून बुकात आहे, तो रद्द करा आणि नोंदवहीत वाट चढवा, असं त्यांनी मागितलं. परेश हसला. वाट तर उघडली, आता जुनं कशाला उकरता, म्हणाला.

“वाट उगडली,” नीराबाई म्हणाल्या. “पन तुमच्या बुकात सोनाबाई अजून येडी हाय. ती खरं बोलली व्हती. तसं लिवा.”

मी उठले, त्या ठरावाला मीही हात वर केला होता आणि तो खोटा होता, असं सगळ्यांसमोर सांगितलं, आणि तो रद्द करण्याची सूचना मांडली. बंदरवाडीच्या रघूने अनुमोदन दिलं. मतदान झालं तेव्हा सदस्यांचे हात पुन्हा वर गेले, पहिल्या वेळेसारखेच, बिनदिक्कत. एकाचीही मान खाली गेली नाही. ग्रामसेवकांनी लिहिलं, परेशने सही केली आणि विषय संपला.

सोनाबाई त्या सभेला नव्हती. ती आता काठीवरही ओटीपुढे जात नाही. पाखाडी तिच्या दारापासून चाळीस पावलांवर आहे.