दुपट्टा टाकलेली खुर्ची

गुणवंत गेल्याची बातमी मला न्हाव्याच्या खुर्चीत कळली. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. कोपऱ्यातल्या टीव्हीवर खालून पट्टी सरकली, माजी मंत्री गुणवंतभाऊ यांचे अकोल्यात निधन, आणि आमचा सुरेश वस्तरा हातात धरून तसाच उभा राहिला. मग वस्तरा ठेवून बाकड्यावर बसला आणि टॉवेलात तोंड खुपसून रडू लागला. "माया बापाचं नाव माहीत होतं त्यायले," तो म्हणाला, "भेटले का पयले इचारत, मारोतराव कसे आहेत." तीस वर्षं मी त्या दुकानात दाढी करतो. सुरेश मला वकीलसाहेब म्हणतो, माझं नाव त्याला विचारलं तर सांगता येणार नाही. त्याच्या बापाचं नाव मलाही त्या दिवशीच कळलं. अर्ध्या दाढीनं घरी आलो आणि उरलेली स्वतः केली. दोन ठिकाणी कापलं. पण ते दुःखानेच कापलं, असं छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही.

गेल्या महिनाभरात त्याच्यावर पुष्कळ लिहून आलं. सगळ्यांनी त्याला अजातशत्रू म्हटलं. वाचताना मनात यायचं, मला कुणी विचारलं नाही. आता या पुरवणीने विचारलं आहे तर सरळ सांगून टाकतो. मी त्याचा जिवलग मित्र होतो आणि चाळीस वर्षं मी त्याचा हेवा केला. थोडाथोडका नाही. त्याची लाल दिव्याची गाडी आमच्या गल्लीत शिरली की माझी भूक मरायची.

तो भातकुलीचा, घरी कपाशी आणि तूर. मी अमरावतीचा, आजोबा भिक्षुक आणि वडील वकील. अकोल्याला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो आणि दर शनिवारी दुपारच्या एसटीने घरी निघायचो. गाडी फलाटाला नीट लागायच्या आत गुणवंत खिडकीतून आपला पांढरा दुपट्टा आत फेकायचा. दुपट्टा पडला की जागा धरली, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. मी मागून सावकाश यायचो. हातात बहुतेक वेळा वक्तृत्वाची एखादी ढाल असायची, कारण त्या काळी ढाल मी सोडून दुसऱ्या कुणाला मिळत नसे. तोवर तो आत कुणाशी तरी वाद घालत असायचा. "कोणाची जागा आहे ही?" "वकिलाची. येऊन राहिला तो." मी तेव्हा वकील व्हायचा होतो, पण त्याने आधीच करून टाकलं होतं. मूर्तिजापूर यायच्या आत तो स्वतःची जागा एखाद्या म्हातारीला देऊन उभा राहायचा आणि अख्ख्या गाडीची सोयरीक काढत बसायचा. मी ढाल मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघायचो. मला वाटायचं, वेळ घालवतोय बिचारा.

माझी वकिली सुरू झाली, लग्न झालं, आणि त्याच वर्षी आमच्या भागातले पक्षाचे म्हातारे पुढारी अण्णाजी नवा उमेदवार शोधू लागले. माझी भाषणं त्यांनी ऐकली होती. एका शनिवारी गुणवंत घरी आला. म्हणाला, "उद्या माया घरी बैठक आहे. अण्णाजी येऊन राहिले, गावोगावचे लोक येतीन. तुयं नाव पक्कं करून टाकू. जेवण तिथंच." मी म्हटलं, "मग बोलावणं पाठव." तो म्हणाला, "पाठवतो ना बे."

बोलावणं म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे जेवायला सांगून ठेवणं वेगळं आणि बोलावणं वेगळं. आदल्या दिवशी सांगून ठेवतात. मग पानं मांडली की घरचा माणूस दाराशी येतो, चला म्हणतो, तेव्हा उठायचं. आमच्या घरात तर हा नियमच होता. बोलावणं आल्याशिवाय आजोबा कुणाच्या उंबऱ्यावर चढले नाहीत, आणि मी त्यांचा नातू. त्या रविवारी सकाळीच इस्त्रीचे कपडे घालून मी माडीवर भाषण घोटत बसलो. दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. बोलावणं आलं नाही. संध्याकाळी कळलं, अण्णाजींनी तिथे हजर होता त्याचंच नाव पक्कं केलं... हजर गुणवंत होता. घर त्याचंच होतं.

माझी जागा धरायला पाठवलेला माणूस माझ्या जागेवर बसला, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं. पुढचं सगळं महाराष्ट्राला माहीत आहे. आमदार, मग राज्यमंत्री, मग सहकार, पाणीपुरवठा, फलोत्पादन. मुख्यमंत्री बदलले, युत्या आघाड्या झाल्या आणि मोडल्या, शपथविधीच्या फोटोत हा आपला डावीकडून कुठेतरी असायचाच. मी कोर्टातून येऊन तो फोटो बघायचो आणि त्याच्या जागी स्वतःला उभं करून बघायचो. मला तो कोट जास्त चांगला दिसला असता.

तरी त्याची पोस्टकार्डं यायची. भाषण लिहून दे, तुझ्यासारखं कुणाला येत नाही. आणि मी लिहून द्यायचो, काहून ते विचारू नका. शेंदूरजनाघाटला संत्रा बागायतदारांचा मेळावा होता, आंबिया बहाराची कच्ची फळं गळून पडली होती, लोक चिडलेले होते. मी आठ पानी भाषण लिहिलं. आजही ते माझं सर्वांत चांगलं लिखाण आहे असं मी मानतो. मुद्दाम ऐकायला गेलो, पहिल्या रांगेत बसलो. गुणवंत उठला, माझी आठ पानं त्याने टेबलावर ठेवली, उडू नयेत म्हणून वर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाला, "राजेहो, भाषण लय चांगलं आहे, पण ते वाचून फळ काही झाडाले परत लागत नाही. तुमी बोला, मी लिहून घेतो." दोन तास लोक बोलत होते आणि मंत्री वही मांडीवर घेऊन लिहीत होता. शेवटी चिडलेल्या लोकांनीच त्याला संत्र्यांच्या पेट्या गाडीत घालून दिल्या. त्यातली एक त्याने माझ्या घरी उतरवली. बायकोने आणि मुलांनी ती आठवडाभर आवडीने खाल्ली. मी एक फोड तोंडात घातली नाही.

त्याच्या कामाची एक तऱ्हा होती, तिच्यावर मंत्रालयातही हसत. कुणाचं काम झालं, की नुसतं पत्र जायचं नाही, माणूस जायचा. आणि एक नाही, दोन जायचे. एकाने निरोप सांगायचा, आणि तो त्या माणसाच्याच कानावर पडला का, हे दुसऱ्याने जाऊन बघून यायचं. एक निरोप आणि दोन निरोप्ये, असं त्याचे कारकून वैतागून म्हणत. मीही एकदा चारचौघांत त्याला टोमणा मारला, "लोकांना दोनदा बोलावतोस, आणि दोस्ताला एकदाही नाही." तो हसला नाही. पानाचा डबा पुढे सरकवला आणि विषय बदलला. मला वाटलं, वर्मी लागलं.

दिवाळीनंतर रशीदभाईचा फोन आला. रशीद भातकुलीचा, आमच्याच वयाचा. तिथे सायकलींचं दुकान चालवायचा आणि नंतर आयुष्यभर गुणवंताची गाडी त्याने चालवली. म्हणाला, "साब याद करून राहिले तुम्हाले." एसटीने अकोल्याला गेलो. गुणवंत दवाखान्यातल्या खाटेवर इतका बारीक दिसत होता की मी आधी शेजारच्या खाटेकडे गेलो. मला पाहून म्हणाला, "जागा भेटली का बे गाडीत?" मी म्हटलं, भेटली. पण माझ्यातला वकील गप्प बसेना. मरणाच्या दारातल्या माणसाला मी विचारलं, "गुणवंता, खरं सांग, त्या दिवशी बोलावणं काहून नाही पाठवलं?" त्याने माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. म्हणाला, "राहून गेलं गड्या. चुकलं मायं."

परतीच्या गाडीत मी खूश होतो. हे लिहायची लाज वाटते, पण होतो. चाळीस वर्षांचा दावा जिंकल्यासारखं वाटत होतं. घरी येऊन बायकोला, नलूला सांगितलं, "कबूल केलं त्यानं. तोंडानं कबूल केलं." ती दूध उतू जाईल म्हणत आत गेली. चुलीवर दूध नव्हतं, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

आठ दिवसांत तो गेला. अंत्ययात्रेला एवढी गर्दी होती की मी लांब रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि तिथेही माझ्या मनात आलं, माझ्या वेळी किती असतील. तेरवीचा, म्हणजे तेराव्या दिवसाच्या जेवणाचा, निरोप त्याच्या मुलाने आदल्या दिवशी फोनवर दिला. मी ठरवलं, सांगून ठेवलंय ते ठीक, पण बोलावणं आल्याशिवाय जायचं नाही. म्हातारपणी माणूस शहाणा होतो म्हणतात, मला काही अनुभव नाही. सकाळीच इस्त्रीचे कपडे घालून माडीवर बसलो, फक्त या वेळी खिडकी उघडी ठेवली.

अकराच्या सुमारास खाली गाडी थांबली. रशीदभाईचा आवाज आला. मी जिना उतरलो. ओसरीत नलू सूप पुढ्यात घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. "चला वकीलसाब," रशीद म्हणाला, "पानं मांडून राहिले. और अबकी बार वयनीनं वापस भेजा तरी मी काही हलनार नाही." तो हसला. मग त्याने माझा चेहरा पाहिला, मग नलूचा, आणि खांद्यावरचा रुमाल काढून उगाच घडी घालू लागला.

"त्या रविवारी तू आला होतास?" मी विचारलं.

"फटफटीवर आया था ना साब... अकरा वाजता."

नलूने मान वर केली नाही. "मीच परत पाठवलं त्यांना," ती म्हणाली. "सांगितलं, ते नाही म्हणतात. माझे बाबा निवडणुकीला उभे राहिले तेव्हापासून आम्ही त्यांना घरात जेवताना पाहिलं नाही. मला घरात माणूस पाहिजे होता."

"आणि गुणवंताला हे माहीत होतं?"

"आठ दिवसांनी ते पेढे घेऊन आले होते. तुम्ही माडीवरून खाली उतरला नाहीत. मी त्यांना स्वयंपाकघरात सगळं सांगितलं, रडले. ते म्हणाले, वयनी, आता मायं नाव वर गेलं, मांगं घेता येत नाही. पण त्याले सांगू नका, तो तुमच्यावर राग धरीन. मायावर धरू द्या. मले सवय होईन."

मला बायकोवर रागवायला हवं होतं. ती समोर होती, सूप तिच्या पुढ्यात होतं आणि बोटं शेंगेवर थांबलेली होती. पण मला राग आला तो त्याचाच. माझ्या घरातली गोष्ट, माझ्या बायकोच्या मनातली भीती, ती त्याला आधी कळली आणि चाळीस वर्षं त्याने ती माझ्यापासून राखली. मी टोमणे मारले, तो पानाचा डबा पुढे करत राहिला. शेवटच्या भेटीत खाटेवरसुद्धा तिला दिलेल्या शब्दाला जागला, आणि मी दावा जिंकून एसटीत खुशीत बसलो होतो. आमदारकी घेतलीस, लोक घेतलेस, निदान मोठेपणा तरी माझ्यासाठी ठेवायचास.

गाडीत रशीद हळूच म्हणाला, "उस दिन के बाद साब कोणाचंबी बोलावणं एकट्या माणसाच्या हाती सोडत नव्हते. मले म्हणत, रशीद, तू माणसाले पाहून आला नाही, दार पाहून आला." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. भातकुलीपर्यंत तुरी पिवळ्या झाल्या होत्या.

त्याच्या घरच्या ओसरीवर मी पूर्वी गेलो होतो, पण दोन मिनिटांसाठी, उभ्याउभ्या, कामाचं बोलून परत. तिथे तो रोज सकाळी बसायचा ती वेताची खुर्ची होती, आणि शेजारी तशीच दुसरी. दुसरीवर घडी केलेला पांढरा दुपट्टा टाकलेला. मला वाटायचं, त्याचाच असेल, अंघोळीनंतर टाकला असेल. अंगणात एवढी माणसं सतरंज्यांवर दाटीवाटीने बसली होती, तरी त्या खुर्चीला कुणी हात लावला नव्हता. त्याचा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "बसा काका. बाबा कोणालेच बसू देत नव्हते. कोणी इचारलं तर म्हणत, वकिलाची जागा आहे, येऊन राहिला तो."

मी दुपट्टा उचलून खांद्यावर घेतला आणि बसलो. समोर सगळं अंगण माणसांनी भरलेलं होतं. सुरेश न्हावी होता, शेंदूरजनाघाटचे बागायतदार होते, म्हाताऱ्या होत्या, कोर्टातले माझे दोन अशीलही होते. अशा गर्दीसमोर, अशा जागी बसायचं म्हणून मी आयुष्यभर झुरलो. मान ताठ केली, घसा साफ केला. पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

मला राग आला, नेहमीसारखाच. मग मीही तिकडेच बघू लागलो.